दणका गेला कुटं

शाळू निसवायला लागला की माजा हात आपसूक पोरीच्या टाळूवर जातो. तीन वर्सांची झाली ती, टाळू कवाच भरली, तरी जातोच. ती हात झटकती, "आये, नगं," म्हनती नि पळती. मी तशीच बांधावर हुभी, हात हवेत, कान टवकारून, आता कुटंतरी ठो हुनार म्हनून. हुत काय न्हाई. नुसता वारा येतो पानांतनं, कवळ्या कनसांचा दुधाळ वास घिऊन, आनि वड्याच्या दरडीवर तितर वरडतो. पन माज्या उरात धडधड सुरू झालेली असती, ती घरी जाऊन चुलीपुढं बसले तरी थांबत न्हाई.

दुष्काळाच्या पाठचं साल हुतं ते. आमचं गाव म्हसवडवरनं आटपाडीकडं जाताना आत पडतं, पावसानं इसरलेलं. दोन सालं बायका-मानसं खडी फोडत हुती, हाताची कातडी खडीवानी झाली हुती. आनि त्या साली जमिनीनं असं दिलं, असं दिलं, की बगनाऱ्यानं बगतच ऱ्हावं. शाळू मानसाच्या वर. आत शिरलं तर आबाळ दिसायचं न्हाई. माजं माहेर तासगावकडं, द्राक्षाच्या मळ्यातलं, तितं हिरवं रोजचंच. पन हितलं हिरवं बगून मला रडू आलं हुतं. पोर तवा चार म्हयन्यांची. तिला शाळूत घिऊन गेले नि म्हनलं, बग बाई, तू आलीस नि हे आलं.

हे त्याच साली पलटनीतनं घरी आले हुते, कायमचे. लढाईत उजव्या खांद्याचं हाड मोडलं, दवाखान्यात तार घालून बसवलं. डागदरानं सांगितल्यालं, औत धर, मोट धर, पन त्या खांद्याला दणका बसू दिऊ नगंस. परत तितंच दणका बसला तर हात लुळा पडंल, मग कुनाच्यानं उठायचा न्हाई. हे त्येंनी मला एकदाच सांगितलं. मी रोज घोकलं. चौथीपतुर शाळा शिकले, पन पाढं कवा आसं घोकलं नव्हतं. पोरीला ते डाव्या हातानंच घ्यायचे. उजवा हात तिच्या पाठीला नुसता लावायचे, ऊन भाकरीला लावावा तसा.

मग डुकरं आली. डोंगराकडनं, वड्यातनं. डुक्कर खातं कमी नि लोळवतं जास्त. एका सकाळी गेलो तर वड्याकडचा पट्टा सगळा भुईला. कनसं चघळून थुकल्याली. दोन सालं उपाशी ऱ्हाऊन पिकवल्यालं, नि हे आसं. ह्यांनी शाळूचं एक ताट उचलून हुभं धरलं, सोडलं, परत पडलं.

वड्यापलीकडं सुभेदार मामा ऱ्हात्यात. पलटनीत तीस वर्सं काडल्याली, मिशा पांढऱ्याफेक, डोळ्यात मोतीबिंदू. त्येंच्याकडं लायसनची रायफल, वर दुर्बीन बसवल्याली. ती रायफल घोंगड्यात गुंडाळून ठेवायचे, दसऱ्याला पुसायचे. त्येंनीच ह्यांना बलावलं.

"माजं डोळं गेलं, तुजा खांदा गेला," म्हनाले. "दोगांचा मिळून एक सिपाई हुतोय बग, गड्या."

तालुक्याला जाऊन लायसनवर ह्यांचं नाव रखवालदार म्हनून चढवून आनलं. आत्याबाई, म्हंजे माजी सासू, जात्यावर बसल्या हुत्या. त्या म्हनाल्या, "दोन फुटकी भांडी, नि म्हनं पानी भरनार."

मला हसू आलं न्हाई. माज्या तोंडचं पानी पळालं. रायफलीचा दस्ता खांद्याला लावत्यात, नि गोळी सुटली की ती मागं दणका देती, येवडं मला ठावं हुतं. मी इचारलं, "आवं, खांद्याचं काय?"

"खांद्यावर न्हाई मारायची. घोडीवर मारायची."

ती घोडी म्हंजे लाकडी. पलटनीत रायफल तपासायला तसलं काय तरी असायचं म्हनं, ते आठवून आठवून ह्यांनी भुईवर काटकीनं काडलं, नि सुतारानं बाभळीची केली. खाली दोन लांब पट्ट्या, फुडं नळी ठेवायला बेचकं, मागं दस्ता टेकायला हुभी फळी. मधी वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, वजनाला. रायफल मागं आली की फळीला थटायची, खांद्याला न्हाई. खांदा नुसता शेजारी. सुतार घोडी घिऊन आला तो वसरीतनंच वरडला, "वैनी, सवत आनलीय ह्येनं! बाभळीची हाय, वैरन खात न्हाई, येवडंच बरं!"

पिशव्या मी शिवल्या, ह्यांच्या जुन्या खाकी विजारीच्या. एकेका पायाच्या दोन. वड्यातली वाळू चाळून, वाळवून, ठासून भरली. पोर मांडीवर, सुई हातात. प्रत्येक टाक्याला मनात म्हनायची, ह्यो दणका हितं अडू दे, ह्यो हितं अडू दे. देवाला सांगावं तसं वाळूला सांगत हुते.

भर दुपारी वड्यात घोडी मांडली. समोर उंच दरड, तिला कागद डकवला. मी लांब मागं बसले, पोरीच्या कानात कापूस, टाळूवर माजा तळवा. आदी ह्यांनी मला जवळ बलावलं. रायफलीचा बोल्ट काडून खिशात घातला, म्हनाले, "आता ही नुसती नळी. ये, बग दुर्बिनीतनं."

मी एक डोळा लावला.

काय सांगू! दरड उटून माज्यापशी आली. कागदाच्या कडंला दगडावर सरडा बसला हुता, नुसत्या डोळ्यानं तो मला दगडच वाटला हुता. आता त्येचा गळा फुगत हुता, बसत हुता, फुगत हुता. त्येला ठावंच न्हाई की मी बगतीया. आनि त्येच्यावर दोन बारीक रेघा, केसावानी, एक हुभी एक आडवी, फुली. दरडीला मदी कुनी टाका घातलाय आसं वाटलं. मी डोळा काडला तर दरड परत लांब. परत लावला, परत जवळ. मी हसायलाच लागले. सुभेदार मामा म्हनाले, "पोरी, ती दुर्बीन हाय, लग्नातला झोपाळा न्हवं. हो बाजूला."

सरडा गेला, मंग ह्यांनी बार काडला.

आवाजानं वडा हलला. पोरगी माज्या मांडीवर येक वीत उडली नि मग रडायचंच इसरली, नुसती तोंड उघडून. दरडीची माती भसकन खाली आली. आनि मी बगत हुते ह्यांच्या खांद्याकडं. सदऱ्याची घडीसुदीक हलली न्हाई. घोडी चार बोटं मागं सरकली, बास. रायफल तिच्यात झोपल्यावानी. ह्यांनी मान वळवून माज्याकडं बगितलं नि हसले. पलटनीतनं आल्यापासनं पैल्यांदा दात दिसले.

येवडा आवाज, येवडी आग, दरड फोडली, नि ह्यांना काय न्हाई!

"आवं," मी म्हनलं, "मग दणका गेला कुटं?"

दोगं बी हसायला लागले. "वाळूनं खाल्ला," मामा म्हनाले.

"वाळूला पोट असतं व्हय?"

आनिक हसले. पन मला ते कळंना. आमच्यात काय बी आसं गप मधीच नाहीसं हुत न्हाई. आत्याबाईंचा राग माज्यावर येतो, माजा म्हशीवर जातो, म्हस लाथ मारती ती चरवीला, चरवीतलं दूध सांडतं नि परत आत्याबाईंचा राग. फिरत फिरत का हुईना, जातो कुटंतरी. मग ह्यो येवडा मोठा दणका जाईल कुटं? भाकरी थापताना बी त्योच इचार. पीठ थापलं की परातीत आवाज येतो, परात भुईला देती, भुई कुनाला देती?

जाताना मामा ह्यांना म्हनाले हुते, "घोडी जरा सरकती, ती सरकू दे. मोकळी ठेव तिला." मी ते ऐकलं. पन मला त्यातलं येकच ऐकू आलं. सरकती. कुनाकडं सरकती? ह्यांच्या खांद्याकडं. आज चार बोटं, उद्या आट बोटं, परवा थेट हाडाला.

दुसऱ्या सकाळी पिशव्या मांडायला म्हनून मी फुडं गेले. गोट्यातल्या चार खुंट्या नेल्या, पट्ट्यांच्या मागं दगडानं ठोकल्या, वरनं वाळू लोटली, दिसू नयेत म्हनून. आनि जात्याची वरची तळी डोक्यावर घिऊन गेले, ती पिशव्यांवर ठेवली. आत्याबाई म्हनाल्या, "आज दळन वड्यात का गं?" ह्यांनी तळी बगितली नि हसले, "जातं कशाला आनलंस?" मी म्हनलं, "वजन बरं." खुंट्यांचं बोलले न्हाई.

त्या दिशी घोडी केसभर हलली न्हाई. मला काय बरं वाटलं! सांजच्याला देवापुढं साकर ठेवली.

तीन दिस रोज दोन-तीन बार. नेम नि गोळी येका जागी आनायची असती, ह्यांच्या भाषेत झिरो करायची. पैल्या दिशी भोकं वाटीखाली झाकतील अशी पडली हुती. मग एक डावीकडं गेली. मग एक वर. चवथ्या दिशी कागदाला लागलीच न्हाई. ह्यांनी हाताकडं बगितलं. "हातच कापतोय माजा," म्हनाले. "संपलं आता. माज्यात काय ऱ्हायलं न्हाई." मला वाटलं, हे ऐकन्यापरीस दणका परवडला.

मामांनी रायफल मांडीवर घेतली. डोळ्यानं दिसत न्हाई, म्हनून बोटांनी चाचपायला लागले, बाजारात बैलाचं पाय चाचपत्यात तसं. नळी, मग दुर्बिनीची कडी. तितं थांबले. दुर्बीन कड्यातनं जवाएवडी फुडं सरकली हुती. मग दस्त्यावर आले, जितं पंजानं धरत्यात त्या बारीक जागंवर, आनि त्येंचं नख अडलं.

परत मागं घेतलं. परत अडलं.

"पोरी," मला म्हनाले, "दुर्बिनीतनं बग गं. रेघा किती?"

मी डोळा लावला. दरड जवळ आली. हुभी रेघ हुती. आडवी तुटून कडंला लोंबत हुती, कोळ्याच्या तंतूवानी.

"येकच," मी म्हनलं.

मामांनी नख अडलं तितं अंगठा ठेवला. मग म्हनाले, "तीस वर्सं खांद्यावर मारली. खांदा मागं जातो, ती बी मागं जाती, दोगं बी सुखी. हितं तिला मागं जायाला जागाच मिळाली न्हाई. चार दिसात लाकूड चिरलं." घोंगडं उलगडलं नि रायफल त्यात गुंडाळायला लागले. "तुजा दोष न्हाई, गड्या. पन आता ही न्हाई मिळायची."

हे उटले. "ऱ्हाऊ द्या. गावात काडतुसाची बंदूक हाय, ती आनतो. खांद्याला लावतो नि मारतो. हात ऱ्हातो का जातो, बगू."

मी पोर तशीच मामांच्या घोंगड्याच्या कडंला ठेवली, घोडीमागं बसले नि दोनी हातांनी वाळू उकरायला लागले. नखात खडं गेलं. एक खुंटी निगाली. दोन. तीन.

"मामा, म्या केलं. ह्यांना ठावं न्हाई."

हे वरडले, "आगं, कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. भ्याले म्हनून केलं."

मामा रायफल घिऊनच सरकत आले, खुंट्या हातानं मोजल्या. चवथी अजून भुईत हुती, ती मुठीत धरून हलवून बगितली. मला वाटलं आता शिव्या देनार. त्येंनी माजं बोट धरलं नि दस्त्याच्या चिरीवर ठेवलं.

"दणका गेला कुटं, तू इचारलं हुतंस न्हवं? ह्यो बग. हितं गेला."

बोटाखाली ती चीर, केसाएवडी. बगून दिसायची न्हाई, हाताला लागायची. आनि मला ह्यांच्या खांद्यातलं हाड आठवलं, ती तार आठवली. घरातली येकच गोष्ट मी धरून बसले हुते, की ह्यांना काय हुऊ नये. नि ते जे व्हायचं ते मी ह्या म्हाताऱ्याच्या जीव लावल्याल्या रायफलीवर लोटलं हुतं, माज्या हातानं, खुंट्या ठोकून. आनि तरी त्या चिरीवरनं बोट उचलवंना. दरड फोडनारं जे काय हुतं, ते हितं, माज्या बोटाखाली येऊन गप बसलं हुतं.

घरी जायाला निगालो. जात्याची तळी रोजच्यावानी परत न्यायला पायजे, सांजचं दळन हुतं. मी पदराची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली, ह्यांनी डाव्या हातानं तळी उचलून दिली. मी गुडघं वाकवलं, वजन आलं, मान खाली बसली, कंबर हलली, मग हुभी ऱ्हायले. ल्हानपनापासनं घागरी उचलल्यात, कवा इचार केला न्हाई. चार पावलं गेले नि जागीच थांबले.

"मामा, थांबा. घोडीला चुंबळ न्हाई."

"काय?"

"चुंबळ न्हाई तिला! डोक्यावर घागर घेतली नि मान ताठ धरली तर मान मोडंल न्हाई तर घागर. खाली चुंबळ लागती, गुडघं वाकवावं लागत्यात. मी तिचं गुडघंच बांधलं हुतं. फळीला नि दस्त्याला मदी चुंबळ घाला, नि खालनं मोकळी सोडा, सरकू द्या..."

"आगं, आदी ते जातं खाली ठेव!" हे म्हनाले.

मामा हसायला लागले. हसता हसता डोळं पुसायला लागले. "तीस वर्सं! तीस वर्सं पलटनीत, नि चुंबळ कुनी सांगितली न्हाई!"

सुतारानं चीर सरसानं भरली, पितळी तार गुंडाळली, दोन मळसूत्रं मारली. दुर्बीन काडून ठेवली. नेमाला नळीच्या टोकाची माशी, ती लोखंडी बारीक खूण, पुरे म्हनाले मामा. चुंबळ मी जुन्या लुगड्याची केली, सात पदरी, ठासली न्हाई, हाताला दबंल अशी. आनि परत वड्यात गेलो.

त्या बाराला मी डोळं मिटलं न्हाईत. घोडी मागं आली, रवंथ करनारी म्हस रेडकाला ढोसती तशी, सावकाश. चुंबळ दबली नि परत फुगली. थांबली. मी ह्यांच्या तोंडाकडं बगत हुते. त्येंनी उजवा हात मांडीवर उपडा ठेवला. अंगठा हलवला. मग शेजारचं बोट. मग मधलं. करंगळीपतुर समदी बोटं एकेक करून हलवली, नि मी त्येंच्या संगं मोजली.

"च्या ठेव जा," म्हनाले.

पुढं दिस मावळून कडूसं पडताना डुकरांच्या वाटंवर घोडी दोनदाच मांडली. दुसऱ्या टायमाला एक डुक्कर पडलं, बाकीची डोंगराला गेली ती त्या साली फिरकली न्हाईत. त्या साली हुरडा असा खाल्ला, की हाताचा वास चार दिस जाईना. मामांना मी मळून मळून दिला. त्येंनी तितंच हात हातात धरून सांगितलं, "पोरी, रायफल मोडलीस खरी, पन तिला तूच वाचवलीस."

आता परत शाळू निसवलाय. डुकरांची पावलं परवा वड्यात बगितली. ह्यांनी घोडी माळ्यावरनं खाली काडली, पिशव्या उंदरांनी कुरतडल्यात, त्या मी परत शिवतीया. पोटात दुसरं हाय, पाचवा लागलाय, टाका घालताना आतनं ढुशी बसती. भ्या गेलं न्हाई माजं. जाईल आसं बी वाटत न्हाई. फक्त आता मी कुटं काय गच्च बांधायला गेले की हात थांबतो.

मोडकी दुर्बीन मामांनी पोरीला खेळायला दिलीय. ती त्यातनं तितर बगती, म्हस बगती, नि दरवेळी वरडती, "आये, रेघ!" तिला वाटतं समद्या जगाला एक हुभी रेघ असती.

आज दुपारी मी पानी घिऊन आले. घागर उतरवली, चुंबळ डोक्यावरच. पोर ह्यांच्यामागं लागली हुती, खांद्यावर घ्या म्हनून. ह्यांनी डावा खांदा खाली केला. रोजचाच. पन ती तिकडनं न्हाई, उजवीकडनं पळत आली.

मी सुई टोचल्यावानी जागच्या जागी. डोळं मिटले, ठो व्हायच्या आदी मिटायची तसे.

डोक्यावरनं काय तरी हलकंच उचललं गेलं. डोळं उघडलं तर माजी चुंबळ ह्यांनी घेतल्याली, उजव्या खांद्यावर ठेवल्याली, वर पोर बसवल्याली. तिचं दोनी हात ह्यांच्या केसात. त्येंनी माज्याकडं बगितलं, गुडघं वाकवलं, जरा थांबले, नि सावकाश हुभे ऱ्हायले.